हरभऱ्यातला सगळ्यात मोठा खडा

एका गावात गेनू नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा तरी किती? 'बसा' म्हटलं की असेल तिथं बसायचा. मग खाली पाट असो नाहीतर चूल.

त्याची बायको सगुणा. तिनं दोन वर्षं कशीबशी काढली. मग तिच्या वडलांचा, तात्यांचा निरोप आला. 'रविवारी येतो. तोवर जावयानं एक तरी काम धड केलं, तर राहा. नाहीतर चल माहेरी.' सगुणेचा तर गेनूवर जीव. वेडा असला तरी माझा आहे, म्हणायची. बिचारी रडकुंडीला आली.

"अहो, एक काम. एकच. कराल ना नीट?"

"करतो की. त्यात काय!"

गुरुवारी तिनं त्याला दळण घेऊन धाडलं. गिरणीच्या तोंडाशी ज्वारी अडली. वर हा ढीग, खाली एक दाणा पडेना. गेनू आपला 'पड बाई, पड' म्हणत उभा. गिरणीवाला खेकसला, "अरे, दाणे एकमेकांचे हात धरून बसलेत! बाजूनं थाप दे, सुटतील."

गेनूनं थाप दिली. ज्वारी धो धो सुटली. गेनू इतका खूश झाला, की पीठ तिथंच ठेवून घरी आला.

शुक्रवारी गावात लग्न होतं. सगुणेनं त्याला आहेर देऊन पाठवलं. मांडवात नवरा-नवरी हात धरून उभी. गेनूला कळवळा आला. अरेरे, अडली बिचारी! त्यानं बाजूनं नवऱ्याला अशी थाप दिली, की मुंडावळ्या करवलीच्या ताटात. वऱ्हाडानं गेनूला उचलूनच बाहेर काढला.

"अहो, माणसांना थापा कसल्या मारता?" सगुणा म्हणाली. "हलक्या हातानं हलवायचं. मी डब्यात ज्वारी भरताना डबा हलवते ना? हलवलं की नीट बसतं."

"हलवलं की बसतं. कळलं."

शनिवारी ती म्हणाली, "कोंबडी अंड्यांवर बसते का बघा. नाही बसली तर बसवा." कोंबडी काही बसेना. गेनूनं अंडी आणि कोंबडीसकट पाटी उचलली आणि गदागदा हलवली.

"बसली का हो?" सगुणेनं आतून विचारलं.

"कोंबडी नाही बसली. अंडी बसली. पार तळाला."

सगुणेला हसावं का रडावं कळेना. "अहो, असं धान्य घोळतात, कोंबडी नाही! धान्य हललं की मोठा खडा आपोआप वर येतो. तो उचलायचा आणि लांब फेकायचा. बास!"

रविवार उजाडला. सगुणेनं हात जोडले. "खळ्यावरचा हरभरा गाडीत भरा. फाट्यावर तात्या उतरतील, त्यांना घ्या. हरभऱ्यात खडा दिसला तर टाका. आता माझं सगळं तुमच्या हातात."

गेनूनं हरभरा भरला. फाट्यावर तात्या चढले. चांगले दांडगे गृहस्थ. थंडी मी म्हणत होती, म्हणून गळ्यापर्यंत हरभऱ्यात शिरले आणि घोरायला लागले. जावई गाडी तर नीट हाकतोय, एवढं मात्र त्यांनी झोपण्याआधी बघून घेतलं.

रस्ता म्हणजे नुसते खड्डे. गाडीला गचका बसला की दाणे खाली सरकायचे आणि तात्या वर. दोन-चार गचक्यांत खांदे निघाले. मग पोट निघालं. ओढ्याच्या पुलावर तात्या अख्खे वर. गेनूनं मागं वळून पाहिलं. त्याचा चेहरा उजळला.

सगुणा दारातच उभी होती. गाडी आली. हरभरा आला. तात्या नाहीत.

"अहो, तात्या कुठायत?"

"ते राहू दे. आधी हरभरा बघ! सबंध गाडीत एकच खडा निघाला. पण केवढा! दोन्ही हात लावावे लागले. टाकला ओढ्यात, लांब, तू सांगितलंस तस्सा. झालं का नाही एक काम धड?"

गेनू जवळ सरकला आणि कौतुकानं म्हणाला,

"आणि खडा तरी किती गुणाचा! पाण्यात पडता पडता मला 'जावईबापू, जावईबापू' म्हणून हाका मारत होता."