धाब्याचा अर्धा वाटा

एका राज्यात, जिथे ढग पायऱ्यांच्या खालून चालत, राजा धरणीधराच्या मांत्रिकाने एक गाव मंत्राच्या जोरावर डोंगराला टांगून ठेवले होते. घरे सगळी मातीची, धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. खालच्या घराचे धाबे तेच वरच्या घराचे अंगण. मंत्राची अट एकच: नवे धाबे दोन्ही घरच्या बायकांनी मिळून, माती घट्ट करायच्या लाकडी धुमसाने ठोकावे. जी एकटी ठोकेल, तिचा नवरा मातीचा होईल.

खालच्या घरात पवळा नवी नवरी होती. वर तिची थोरली जाऊ सारजा. मावळतीला सारजेने सारवलेली भिंत सोन्यासारखी उजळे. पवळेचा नवरा शिदोजी हातातला घास हातातच धरून म्हणे, "वहिनींचा हात बघ, पवळे!" मग पवळा भाकरी जरा जोरातच थापी.

पवळेच्या घरावर नवे धाबे घालायची वेळ आली. सारजा झऱ्यावर गेली तेवढ्यात पवळेने अट विसरून धुमस उचलले आणि सगळे धाबे एकटीने ठोकले. आता बघू दे म्हणावं कोणाचा हात!

सकाळी धाब्याला भेग पडली आणि शिदोजी गुडघ्यापर्यंत मातीचा झाला.

उंबऱ्यावर डोंगरमैना बसली होती. ती म्हणाली, "भेग भिंतीवरून उतरून चुलीपर्यंत पोचण्याआधी तीन गोष्टी कर. जावेकडून माती मागून आण. एक घागर पाणी दोघी मिळून वाहा. आणि पोटात आहे ते तिच्यासमोर बोल."

"तिसऱ्याऐवजी दुसरं काही?"

"नाही," मैना म्हणाली.

पवळेने माती मागितली. "आज बरी आठवण झाली!" म्हणत सारजेने टोपली भरून दिली. घागरही दोघींनी आणली, अवाक्षर न बोलता. भेग लिंपली, तरी ती पुढे सरकतच राहिली. शिदोजी छातीपर्यंत मातीचा झाला.

"जाऊबाई," पवळा खाली बघत म्हणाली, "तुमची भिंत मला बघवत नाही. तुम्ही अंगणात चालता, ते मला डोक्यावर चालल्यासारखं वाटतं."

सारजा चिखल मळत राहिली. मग म्हणाली, "आणि तुमच्या धुराड्यातून दोघांचं हसणं वर येतं, धाकटे. माझा धनी राजाच्या गडावर जाऊन तीन वर्षं झाली. संध्याकाळी मी भिंत सारवत बसते. दुसरं करू काय?"

पवळेने धुमसाचा अर्धा दांडा तिच्या हाती दिला.

दोघींच्या तिसऱ्या ठोक्याला भेग मिटली. शिदोजीच्या अंगावरची माती गळून पडली. "वहिनींचा हात..." तो म्हणू लागला, मग बायकोकडे बघून म्हणाला, "भाकरी झाली का?"

मैना उडाली. डोंगर जागच्या जागी राहिला. पवळेला ती भिंत अजूनही खुपते. पण संध्याकाळी हसायचे झाले की ती शिदोजीला घेऊन आधी वर अंगणात जाते.