घरं दगडाची, मग खाण कुठे?

एकदा एक वृद्ध, शहाणे कंत्राटदार होते. शहाणा आणि कंत्राटदार हे दोन शब्द शेजारी आले की लोक गालात हसतात. पण असतात, थोडे का होईना, असतात. सारा जिल्हा त्यांना तात्या म्हणे. सरकारी शाळा, दवाखाने आणि पाण्याच्या टाक्या बांधण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी स्वतःची कामे थांबवली आणि एका तरुणाला हाताशी धरले. हा त्यांचा शिष्य. मठातला नव्हे, परवानाधारक.

शिष्य हुशार होता, कष्टाळू होता आणि सतत हरत होता. तो मोठ्या अभ्यासाने टेंडर भरी आणि दर वेळी त्याच्याहून कमी दर भरणारा कोणीतरी काम घेऊन जाई. त्याच्याकडे वडिलांच्या वेळेपासूनचे गवंडी होते. ते तोंडाने काही बोलत नसत, परंतु दिवाळीपर्यंत काम मिळाले नाही तर ते पुण्याची वाट धरणार हे त्याला ठाऊक होते. एकदा गेलेला गवंडी परत येत नाही, आणि गवंड्यांवाचून परवाना म्हणजे भिंतीवर लावायचा कागद.

अशातच एका आडगावी आरोग्य केंद्र बांधण्याचे टेंडर निघाले. तात्यांचा शिरस्ता असा, की आधी गाव पाहायचे आणि मग नकाशा. त्याप्रमाणे दोघे जागेवर गेले. गावाबाहेरची सपाट, गवताळ जमीन होती. रस्त्याकडेच्या कोपऱ्यात बांधकाम खात्याने चाचणीचा खड्डा घेतला होता आणि त्यात हातभर खालीच पक्का मुरूम दिसत होता. साध्या पायाचे, सोपे काम. शिष्य मात्र जमिनीकडे न पाहता गावाकडे पाहत उभा राहिला.

"काय बघतोस?" तात्यांनी विचारले.

"तात्या, इथली सगळी जुनी घरं काळ्या दगडाची आहेत. एवढा दगड कुणी लांबून आणला नसणार. मग खाण कुठं आहे?"

तात्या मनातून फार सुखावले. चावडीवर एक आजोबा बसले होते. शिष्याने त्यांना तेच विचारले, तेव्हा आजोबांनी काठी उचलून थेट आरोग्य केंद्राच्या जागेकडे रोखली.

"तिथंच की. आमच्या लहानपणी बुजवली. साऱ्या गावाचा राडारोडा तिच्या पोटात हाय."

परतताना शिष्याचे पाय जमिनीवर नव्हते. तो म्हणाला, "तात्या, हे आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही. बाकीचे साध्या पायाचा दर धरतील. आपणही तसाच धरू आणि काम घेऊ. खोदल्यावर खाण निघाली की जादा पैशांसाठी वाढीव कामाचा अर्ज टाकू. सगळे हेच करतात."

"करतात खरं," तात्या म्हणाले आणि गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहू लागले.

पुढच्या आठवड्यात कार्यकारी अभियंत्यांच्या दालनात निविदापूर्व बैठक भरली. टेंडर भरण्याआधी कोणाला शंका असेल तर ती विचारण्यासाठी ही बैठक असते. प्रत्यक्षात तिथे सहसा कोणी काही विचारत नाही. चहा घेऊन, एकमेकांचे चेहरे वाचून लोक घरी जातात. त्या दिवशीही साहेबांनी "काही शंका?" असे रिवाजाप्रमाणे विचारले आणि फाईल मिटायला घेतली. तोच तात्या गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"साहेब, त्या जागेच्या पोटात जुनी, बुजवलेली खाण आहे. चाचणीचा खड्डा तिच्या काठावर पडलाय. मधोमध एक खड्डा घेऊन बघावा, ही विनंती."

दालनात कुजबुज सुरू झाली. गळ्यात जाड गोफ घालणारे एक बडे कंत्राटदार मोठ्याने हसले आणि म्हणाले, "तात्यांना आता टेंडर नको, पुण्य पाहिजे."

शिष्य संतापाने लाल झाला होता. बाहेर पडताच तो म्हणाला, "तात्या, एवढी एकच गोष्ट माझ्याजवळ होती, ती तुम्ही वाटून टाकलीत. आता माझ्या गवंड्यांना मी काय सांगू?"

तात्या कचेरीच्या पायरीवर बसले आणि त्यालाही त्यांनी बसवून घेतले.

"बाळा, तू आजवर का हरलास? तुझा दर खोटा नव्हता. तुला पुढचा खड्डा दिसत होता म्हणून तू त्याचा खर्च धरलास. ज्यांना दिसला नाही त्यांनी धरला नाही. सरकारी काम सर्वांत कमी दराला जातं, म्हणजे जे तुला एकट्याला कळलंय तेच तुला महाग करतं. तेच सगळ्यांना कळू दे, की तू त्यांच्याच रांगेत उभा राहशील. मग उरेल ती फक्त हाताची पारख, आणि तिथं तुझ्या गवंड्यांना कोण हरवणार?"

"पण वाढीव कामाचा अर्ज..."

"केला असतास. पाया अर्धा उघडा राहिला असता आणि कागद टेबलामागून टेबल फिरला असता. तोवर त्या गावच्या बाया बाळंतपणाला जीपमधून हादरे खात तालुक्याला गेल्या असत्या. तू जिंकला असतास, पण केंद्र उभं राहिलं नसतं."

शिष्याने उठून तात्यांना हात दिला. त्याला पटले होते असे नव्हे. तात्यांशी वाद वाढवण्याची त्याला सवय नव्हती, इतकेच.

मधोमध खड्डा घेतला, तेव्हा कुदळीला फुटके कौल आणि जुनी माती लागली. खात्याने शुद्धिपत्रक काढले, पायाचे काम नव्याने धरले आणि टेंडरची मुदत वाढवली. आता सर्वांना एकाच जमिनीचा भाव करायचा होता. पाया खोल आणि दगडी बांधकामाचा होता. इतरांना त्यासाठी बाहेरून माणसे आणावी लागणार होती. शिष्याचे गवंडी तर दगडावरच वाढलेले. लिफाफे उघडले तेव्हा त्याचा दर सर्वांत कमी निघाला. गवंडी पुण्याला गेले नाहीत. पुढच्या वर्षी त्या केंद्रात पहिले मूल जन्मले, तेव्हा गावाने गवंड्यांनाही पेढे धाडले.

गोष्ट इथे संपवता आली असती. पण तात्यांचे म्हणणे शिष्याला खरोखर कळले ते त्यानंतर.

एका ओढ्यापलीकडच्या वस्तीवर शाळा बांधायची होती. शिष्य मोटारसायकलवरून जागा पाहून आला, गावकऱ्यांशी बोलला, जमीन तपासली. मनाशी दर पक्का करून तो निविदापूर्व बैठकीला बसला. या वेळी विचारण्यासारखे त्याच्याजवळ काहीच नव्हते. साहेबांनी फाईल मिटायला घेतली, तेव्हा ते गोफवाले कंत्राटदार घसा खाकरून उठले.

"साहेब, ओढ्यावरचा पूल भरलेला ट्रक पेलणार नाही. माल घाटाच्या रस्त्याने फिरवून आणावा लागेल. वाहतूक त्या हिशोबाने धरावी."

शिष्याने मनाशी धरलेला दर पुन्हा मोजला. त्या पुलावरून तो स्वतः दोनदा गेला होता. पण मोटारसायकलला पूल नेहमी भक्कमच वाटतो. ठरवलेल्या दराने काम मिळाले असते, तर त्यातून तो आणि त्याचे गवंडी वर आले नसते.

बैठक संपल्यावर तो त्या कंत्राटदारांपाशी गेला. त्याने हात जोडले.

"मागं तुमच्या तात्यांनी तोंड उघडलं नसतं, तर मीच त्या खाणीत असतो," ते जरा ओशाळून म्हणाले. "चला, चहा घेऊ."

कचेरीच्या पायरीवर तात्या त्याची वाट पाहत बसले होते. शिष्य त्यांच्याशेजारी बसला आणि त्याने पुलाची गोष्ट सांगितली. 

आपल्याला दिसलेला खड्डा चारचौघांत सांगून टाकावा. आपल्याला न दिसणारा खड्डा त्याच चारचौघांपैकी कोणाला तरी दिसत असतो.