फुलचंदशेठची श्रीमंत पाटी

एका गावात एक भोळा रंगारी होता, तुळशीराम. हात असा, की एका दमात सरळ रेघ मारावी. डोकं मात्र देवाने घाईघाईत बसवलेलं. सासरे गणूअण्णा पाट्या रंगवायचे, त्यांच्याच दुकानात तो काम करायचा. जावई पडला, त्यामुळे हाकलता येईना आणि 'अहो' म्हटल्याशिवाय रागावताही येईना.

त्यात गावात फ्लेक्स छापायचं मशीन आलं आणि निम्मं गिऱ्हाईक तिकडं गेलं.

एकदा तुळशीरामने पिठाच्या गिरणीची पाटी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिली.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "अक्षर लांबून दिसलं पाहिजे. हातभर काढत जा."

"बरं मामा."

मग आल्या लग्नपत्रिका. तुळशीरामने अक्षर हातभर काढलं. एका पत्रिकेवर एकच मावलं. सात घरं आपापली पत्रिका घेऊन पारावर बसली, तेव्हा कुठं नवरीचं नाव लागलं. नवरा कोण, ते मांडवातच कळलं.

"अहो, पत्रिकेचं अक्षर नाजूक असतं. केसासारखं बारीक काढायचं. भोवती भरपूर जागा सोडायची."

"बरं मामा."

मग ग्रामपंचायतीची पाटी आली, 'पुढे खड्डा आहे'. तुळशीरामने मधोमध केसाएवढी अक्षरं काढली आणि भोवती भरपूर जागा सोडली. काय लिहिलंय ते बघायला सरपंचांनी फटफटी जवळ घेतली. आणखी जवळ घेतली. खड्ड्यातून मात्र पाटी नीट वाचता आली.

आता एकच गिऱ्हाईक उरलं, फुलचंदशेठ सराफ. त्यांच्या नव्या पेढीचं उद्घाटन होतं. "फ्लेक्स नको," शेठ म्हणाले. "हाताचं अक्षर पाहिजे. असं श्रीमंत, की बघूनच माणसाने केस नीट करावेत. आणि खाली आमच्या मंडळींचं चित्र, गळ्यात हार घातलेलं."

शेठाणी काडीसारख्या. हार पंचवीस तोळ्यांचा.

अण्णांचा हात आता कापायचा. त्यांनी तुळशीरामला समोर बसवलं. "जावईबापू, ही पाटी बिघडली तर दुकानाला कुलूप लावायचं. नीट ऐका. उभं ते जाड, आडवं ते बारीक. एवढं सांभाळा, की झालं श्रीमंत."

"बरं मामा."

उद्घाटनाला सगळं गाव जमलं. शेठाणी नवी पैठणी नेसून, हार घालून पुढे उभ्या राहिल्या. पडदा सरकला. वर शेठचं नाव होतं. उभ्या रेघा भरदार, आडव्या केसासारख्या. असं देखणं अक्षर गावाने कधी बघितलं नव्हतं. अण्णांचे डोळे भरून आले.

मग त्यांनी खाली बघितलं.

खाली शेठाणी होत्या. रांजणाएवढ्या. आणि गळ्यात हार म्हणून पिवळा दोरा.

"सोनं तेवढंच देतात वाटतं इथं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. शेठचं तोंड पांढरं पडलं.

"अहो, हे काय केलंत?" अण्णांनी विचारलं.

"मामा, काकू उभ्या आहेत," तुळशीराम म्हणाला. "हार आडवा आहे."

ते ऐकून शेठाणींना भोवळ आली आणि त्या धाडकन खाली पडल्या. शेठ पाण्यासाठी धावले. अण्णा डोकं धरून पायरीवर बसले.

तुळशीरामने खाली पडलेल्या शेठाणींकडे बघितलं, मग पाटीकडे बघितलं. ब्रश घेऊन तो शिडी चढला.

"काळजी करू नका मामा," तो वरून म्हणाला. "आता आडव्या झाल्यात. लगेच बारीक करतो."