बियाण्याचा दुधी

घरातल्या वस्तू एकमेकींशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. गिरजाकाकूंच्या चुलीवर आढ्याला बियाण्याचा एक दुधी टांगलेला होता. धुराने त्याची साल लाकडासारखी टणक झाली होती आणि पोटात बिया खुळखुळत होत्या.

चैत्र लागला. काकूंनी परसात वाफा खणला आणि खुरपं चुलीजवळच्या कोपऱ्यात आणून ठेवलं.

खुरपं म्हणालं, "दादा, वाफा तयार आहे. आज तुला फोडणार."

"मी नाही फुटायचा," दुधी म्हणाला. "उंदरांपासून, किडीपासून या बियांना मी जपलंय. बाहेर ऊन आहे, कोंबड्या आहेत. यांचं इथंच बरं चाललंय."

"तुझ्याआधी इथं असाच एक दुधी होता. काकूंना त्याला फोडवेना. पाच वर्षांनी फोडला, तेव्हा एकही बी उगवली नाही. खुळखुळत मात्र शेवटपर्यंत होत्या."

काकूंनी त्याला खाली उतरवलं, तेव्हा तो एकाच घावात फुटला.

आठव्या दिवशी वाफ्यात जाड, हिरवी पानं वर आली. काकूंनी दुधीचं मोठं अर्धुक धुऊन रांजणावर ठेवलं होतं. आता रोज सकाळी तेच पाण्याने भरून वाफ्यावर जातं आणि रोपांच्या मुळाशी रिकामं होतं.