रुकय्याबीचं पाणी

वेळशेतच्या मशिदीत वजू करायला, नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, हौद आहे, पण हौदाला स्वतःचं पाणी नाही. वरच्या परसातल्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीने खाली येतं. पन्हळीच्या तोंडाशी मातीचा बोळा असतो. तो काढण्याआधी पुरुष माणूस थांबतो आणि विचारतो, “बी, पाणी घेऊ?” बाहेरगावचे पाहुणे हे ऐकून हसतात. हसू द्यावं. रुकय्याबीशी त्यांची गाठ पडलेली नाही.

ही गोष्ट नवाबांच्या अमदानीतली म्हणे. तेव्हा मशिदीच्या बाजूच्या ओसरीत बायका नमाजाला उभ्या राहत, आणि दिवेलागणीच्या मगरिबनंतर कोळणी आजारी पोरं कडेवर घेऊन पायरीशी थांबत. बाहेर पडणारा नमाजी दुआ पुटपुटून पोरावर फुंकर घाली आणि पुढे जाई. झरा रुकय्याबीच्या परसातला. नवऱ्यामागे एकटी राहून ती गावातल्या मुलींना कुराण शिकवी, तेही अर्थासकट. दीन, म्हणजे धर्म, मधल्या वाटेने चालतो, टोकाला नेला की माणसं गमावतो, असं ती सांगे.

मग शुक्रवारी मिंबरच्या उंच ओट्यावरून प्रवचन द्यायला शरफुद्दीन नावाचे नवे खतीब आले. विद्वान होते, आवाज गोड होता, पण बाई दिसली की कपाळाला आठी. त्यांनी आधी कोळणींना पायरीवर यायची बंदी केली. त्याच संध्याकाळी पारू कोळीण तापाने फणफणलेलं पोर घेऊन आली. कोणी फुंकर घातली नाही. सगळे माना खाली घालून निघून गेले. पहाटे पोर गेलं. फुंकरीने ते वाचलं असतं की नाही, अल्ला जाणे. पण ते दारातून परत पाठवलं गेलं, हे रुकय्याबीच्या काळजात रुतून बसलं. ती जाब विचारायला गेली, तर दुसऱ्या दिवशी ओसरीचं दार दगडांनी चिणलेलं आणि तिचा मुसल्ला, नमाजाची चटई, बाहेर चिखलात पडलेला.

आता तिला न्याय नको होता, वचपा हवा होता.

जुम्म्याला, शुक्रवारच्या मोठ्या नमाजाला, हौद कोरडा पडला. माणसं परसात धावली, तर पन्हळीत बोळा कोंबून बाई शेजारी बसलेली.

“नमाज अडवतेस? गुनाह आहे हा!” खतीब गरजले.

“अडवीत नाय, खतीबसाब. पानी माजा हाय, मी परवानगी देत नाय. धन्याला न इचारता घेतलेल्या पान्यान वजू करू नको, ह्यो तुमीच मिंबरवरना सांगितलाव ना?”

सांगितलं होतं खरं. पिढ्यान्‌पिढ्या गावाने पाणी घेतलं, पण विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं. खतीबांना आपलाच शब्द गिळता येईना. समुद्राचं पाणी चालतं, म्हणून ते सगळ्यांना घेऊन खाडीवर उतरले. नेमकी ओहोटी होती. म्हातारेकोतारे गुडघाभर चिखलात रुतले, नमाजाची वेळ टळून गेली, आणि वरून रुकय्याबी बघत राहिली. तिला हसू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

असे किती जुम्मे गेले, कोणी मोजले नाहीत. अखेर पुरुषांनी आपल्या हाताने दार मोकळं केलं आणि कोळणींना पायरीवर बोलावलं. रुकय्याबीने बोळा काढला. पण खतीबांना परवानगी नाही ती नाहीच. आता माफ कर, असं सांगून बायकाही थकल्या. खतीब अखेरपर्यंत खाडीवरच वजू करत राहिले.

ते वारले तेव्हाही ओहोटी होती, असं सांगतात. मय्यतीला आंघोळ घालायला पाणी हवं, म्हणून त्यांचा थोरला मुलगा परसात आला. रुकय्याबी म्हणाली, “माजा राग हाय तो हाय. पन आजचा पानी पारूचा. तिला इचार.”

खतीबांचा मुलगा कोळीवाड्यात जाऊन पारूच्या दाराशी उभा राहिला. पारू जाळं विणत होती. तिने हातातली गाठ घट्ट ओढली. मग म्हणाली, “घे. पन हंडा मी भरनार, नि मशिदीच्या पायरीवरनाच नेनार.” तसंच झालं.

आजही झऱ्यावर उत्तर द्यायला गावातली कोणतीही बाई चालते, कोळीण असली तरी. बहुतेकदा ‘घे’ लगेच मिळतं. पण ज्याने घरातल्या बाईवर हात उचलला असेल, त्याला उत्तर येत नाही. आतल्या घरातून भांडी घासण्याचा आवाज तेवढा चालू राहतो. तो पुन्हा विचारत नाही. मुकाट्याने खाडीची वाट धरतो, आणि त्याला उतरताना सगळा गाव बघतो.