बाकावरची मुलाखत

"...आणि त्याने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तुमच्या लक्षात आलं?"

"हो सर. तिसऱ्यांदा."

डॉ. केतकी बाविस्कर खुर्चीत सरसावून बसली. दुपारपासून ती याच प्रश्नाची वाट बघत होती.

टेबलापलीकडे मुजावर सर होते. घाटाखालच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं कॅज्युअल्टी सांभाळलेला माणूस. त्यांच्या हाताखाली रेसिडेन्सी करायला मिळावी म्हणून लांबलांबून डॉक्टर येत. जागा वर्षाला एकच. मुलाखतीआधी उमेदवाराने दिवसभर विभागात उभं राहून फक्त बघायचं, हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही, असा सरांचा नियम होता. पूर्वी एकदोघांनी रुग्णांसमोर शहाणपणा पाजळला होता, त्याची ही शिक्षा पुढच्या सगळ्यांना.

केतकीने नियम तंतोतंत पाळला. सुवर्णपदकवाली मुलगी ती, नियम पाळून पहिलं येण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

अकराच्या सुमारास साखरपुड्याहून परतणारा टेम्पो घाटात उलटला. अकरा जखमी एकदम आले. स्ट्रेचर कमी पडले. त्याच गडबडीत जनार्दन लोहार स्वतःच्या पायांनी चालत आला. स्कूटरवरून पडला होता. कोपर खरचटलेलं आणि कानाच्या वर टेंगूळ. सिस्टरने त्याच्यादेखत त्याच्या मेहुण्याला फोन लावून दिला, त्याला भिंतीलगतच्या बाकावर बसवलं आणि ती टेम्पोवाल्यांकडे धावली.

बाकाशेजारी केतकी उभी होती.

"माझ्या मेहुण्याला फोन केला का हो?" त्याने विचारलं.

केला, असं तिने मानेनेच सांगितलं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं. मग आणखी एकदा, अगदी पहिल्यांदाच विचारावं तसं.

तेव्हा तिला कळलं. टेंगळाखाली, कवटीच्या आत, रक्त साकळत होतं.

आणि तिला आनंद झाला. लपवून काय उपयोग... आनंदच झाला. सगळ्या विभागात हे तिला एकटीलाच दिसलं होतं. चार वाजता सर विचारतील तेव्हा सांगायचं, असं ठरवून तिने मनातल्या मनात वाक्यं जुळवायला घेतली.

"किती वाजले होते तेव्हा?" सर विचारत होते.

"बाराला पाच कमी. मी घड्याळ बघून ठेवलं होतं, सर."

"आणि फिटचा झटका कधी आला?"

"साडेबाराला. लगेच स्कॅनला नेलं. माझं निदान बरोबर..." ती थांबली. दुपारी कँटीनमध्ये जेवताना, नंतर परत येऊन उभी राहिल्यावरही, त्या माणसाची चौकशी करायचं तिला सुचलंच नव्हतं. "सर, ऑपरेशन झालं ना त्यांचं?"

"टेबलावर घेतलं."

"मग..."

"तीन वाजता गेले."

केतकी खुर्चीत मागे सरकली.

"सर... बोलायचं नाही, हा नियम तुमचा होता."

"हो. माझाच."

ती वादाच्या तयारीत होती. वाद घालायला समोर कोणी उरलंच नाही.

"पस्तीस मिनिटं आधी सांगितलं असतं तर..."

अशा वेळी डॉक्टर एकमेकांना 'सांगता येत नाही' असं म्हणतात. तेवढं म्हणावं, एवढीच तिची आशा होती.

"बहुतेक वाचले असते," सर म्हणाले.

मग ते उठले. तिला खूण करून बाहेर गेले आणि भिंतीलगतच्या त्या बाकावर जाऊन बसले. तीही शेजारी बसली.

समोरून सिस्टर ट्रे घेऊन गेली. वॉर्डबॉय मामा रिकामं स्ट्रेचर ढकलत गेले. दोन डॉक्टर बोलत बोलत आले आणि गेले. विभागाचा प्रमुख बाकावर बसला होता, पण एकाचीही मान वळली नाही.

"मी सकाळी इथून तीनदा गेलो," सर म्हणाले. "मला बाक दिसला. माणूस तुम्हाला दिसला."

ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. तिने तोंडावर ओढणी धरली आणि ती रडली. मुलाखतीला आलोय, हेही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

"माझं नाव काढून टाका, सर. मी या कामाची नाही."

सर उत्तर देणार तोच दाराकडून एक बाई आली. जनार्दनची बायको. मेहुणा मागे कागद घेऊन उभा होता. आमच्याकडून उशीर झाला, हे सरांनी तिला मघाशीच समोर बसवून सांगितलं होतं. तिला ते कितपत कळलं होतं, कोण जाणे.

"हितंच बसले होते म्हणं," बाई केतकीला म्हणाली. "तुम्ही होतात का वो जवळ? काय बोलले का?"

केतकीने सरांकडे बघितलं. सर जमिनीकडे बघत होते.

"मेहुण्यांना फोन केला का, विचारत होते."

"आनि?"

"तेच... तीनदा."

बाईने मान हलवली. "काळजी लई करायचे. एकदा सांगून समाधानच व्हायचं न्हाई."

केतकीला पुढचं सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. बाईने तिच्या हातावर हात ठेवला, "जवळ होतात, बरं झालं," म्हणाली आणि मेहुण्याबरोबर निघून गेली.

तो हात गेल्यावरही केतकी आपल्या मनगटाकडे बघत राहिली. ते कुठेतरी नेऊन टाकावं, असं तिला वाटलं.

सर उठले. "सोमवारी सकाळी आठला."

"सर..."

ते चालू लागले होते.

"सर, मी कोणत्या तोंडाने येऊ?"

सर थांबले. दिवसभर ते तिला तुम्ही म्हणत आले होते.

"अशीच ये."