उंचाबाईचं कुंपण

त्या राज्यात कुठलीही गोष्ट, कावळ्याने दरबारात येऊन सांगेपर्यंत, घडलेली नसे. दूरचा डोंगर कोसळला तरी कावळा सांगेल त्या दिवशीच तो कोसळायचा. तोवर तो उभा आहे असंच धरायचं. गवा तिथला राजा होता, बगळा प्रधान होता, आणि या नियमाने दोघांचं बरं चाललं होतं.

एका वर्षी समुद्रापलीकडच्या राजाने भेट म्हणून एक जिराफीण पाठवली. तसलं जनावर तिथे कुणी पाहिलं नव्हतं. बगळ्याने एका पायावर उभं राहून डोळे मिटले आणि सांगितलं, "हा मंगल प्राणी आहे. न्यायी राजाच्याच दारी येतो." राजाला ते लगेच पटलं. न पटायला काय झालं! तिला हिरवळीवर उभं केलं, भोवती गुडघाभर उंचीचं बांबूचं कुंपण घातलं आणि चारापाण्याला भिवराक्का नावाची गाढवीण नेमली. दरबाराने ठेवलेलं नाव चांगलं लांबलचक होतं. भिवराक्का तिला उंचाबाई म्हणे.

उंचाबाईचं मागणं फार नव्हतं. सकाळी मान वर करावी आणि समुद्राच्या पलीकडल्या काठाला आपला मुलूख दिसतो का बघावं. तो दिसला की घास गोड लागे. पण मुलूख बघताना वाटेतलं जगही डोळ्यांखालून जाई, त्याला ती काय करणार?

"आक्का," ती एकदा म्हणाली, "तिकडे एकाच गादीवर तीन घुबडं बसलीयत. तिघंही म्हणतात, मीच खरा."

"आणि गादी काय म्हणते?" भिवराक्का म्हणाली, आणि दोघी हसल्या.

पंधरा दिवसांनी कावळ्याने तीच बातमी दरबारात आणली. भिवराक्काच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. ती कौतुकाने बोलून गेली, "अहो, हे आमच्या उंचाबाईने कधीच सांगितलंय!"

बगळ्याने मान वाकडी केली. गोष्ट घडली आज. हिने सांगितली पंधरा दिवस आधी. म्हणजे हिने सांगितली म्हणूनच ती घडली. संध्याकाळपर्यंत कुंपण पोटाला लागलं, आणि तिचं बोलणं ऐकायला बांबूवर एक टिटवी बसवली.

वर्षही तसलंच निघालं, एक झाकावं तर दुसरं उघडं. तिकडे दूर कुणा हंसाला गप्प बस म्हणाले, तो बसला नाही, तर त्याला जिवंत जाळलं. ते बघून उंचाबाईच्या तोंडून "अगं आई" एवढंच निघालं. टिटवीला तेवढं पुरलं. कुंपण छातीवर गेलं. मग लोखंडाच्या झुली घातलेले गेंडे मोठ्या दिमाखात लढाईला निघाले, चिखलात रुतले, आणि उघड्या अंगाच्या साळिंदरांनी त्यांना काटे मारून तिथेच आडवं केलं. ते ती झोपेत बरळली. कुंपण नाकाच्या वर गेलं. आता कुंपणावर तिचे नुसते डोळे उरले.

बगळा स्वतः सांगायला आला. "यापुढे एक शब्द निघाला तर वर छप्पर."

"तोंडात गवत धरून बस गं बाई," भिवराक्का म्हणाली. "माझ्या जिभेने तुझं वाटोळं केलं."

उंचाबाईने ओठ मिटले. मुलूख तेवढा दिसत होता, म्हणून ते सोसवत होतं.

राजा त्या वर्षी सगळ्या नद्या एका कालव्याला जोडत होता. कालव्याच्या तळाशी भिवराक्काचं गणगोत माती वाहायला होतं. एका दुपारी उंचाबाईला वरच्या बांधाला गेलेली चीर दिसली. पहिल्यांदा केसाएवढी, मग बोटभर. तिने मान दुसरीकडे वळवली. समुद्राकडे पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं.

"आक्का, कालव्यात तुझी किती जणं आहेत?"

"अकरा. का गं?"

"बांध फुटतोय. पळ."

भिवराक्काचे कान ताठ झाले. "टिटवी ऐकतेय, बाई."

"ऐकू दे. तू पळ!"

अकराही जणं वर आली, पोटापर्यंत चिखलाने माखलेली, आणि त्यांच्या शेपटाला शिवत पाणी गेलं.

बांध फुटला तो मात्र दुसऱ्या दिवशी, कावळा आला तेव्हा. टिटवीने साक्ष दिली. भिवराक्का दरबारात आडवी पडली. "प्रधानजी, हिने सांगितलं म्हणून माझी सगळी वाचली!"

"म्हणजे सांगितलं होतं," बगळा म्हणाला.

राजाला वाईट वाटलं. काही झालं तरी मंगल प्राणी. "छप्पर चांगल्या सागाचं घाला," तो म्हणाला.

उंची प्रधानाने ठरवली, तिच्या पाठीला टेकेल एवढी. तुळया वाहायला भिवराक्काचीच अकरा जणं बोलावली. कालवा वाहून गेल्यावर त्यांना दुसरं काम नव्हतं. एकेक तुळई बसत गेली तशी उंचाबाईची मान खाली आली, शेवटी जमिनीला लागली. तळच्या बांबूखाली वीतभर फट होती. तिच्यातून येणारेजाणारे खूर दिसत होते, वाळलेल्या चिखलाचे. ती ते मोजत गेली. चव्वेचाळीस झाले, एकही कमी नाही. आणखी चार खूर कुंपणाला अगदी लागून होते. ते हलत नव्हते.